बटण दाबलं, मग ऑर्डर गेली कुठं?

 

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बाया. शेंगा चटणी, कडक भाकरी, काळं तिखट आणि दिवाळीला फराळ, हा आमचा धंदा. आज आम्ही वेबसाइटबद्दल बोलणार आहोत. वेबसाइट अडली तर चूक कशी शोधायची, आणि मुळात ती नियमाप्रमाणं कशी करून घ्यायची, हा आजचा विषय. आम्ही काही इंजिनिअर नाही. आमच्यात एक बीए, एक बारावी, बाकीच्या चौथी-सातवी. पण आमची वेबसाइट बिघडली, त्या पायी आम्ही एका निर्दोष बाईला बोल लावला, आणि मग सगळ्यांनी बसून बिघाड शोधला. तेच तुम्हाला सांगतो. वही-पेन असेल तर जवळ घ्या.

आधी झालं काय ते ऐका. प्रदर्शनात चटणी नेणारी गिऱ्हाइकं आम्हाला विचारायची, "ताई, संपल्यावर परत कुठं मिळणार?" म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका होतकरू मुलाकडून श्रावणात वेबसाइट करून घेतली. दिसायला छान. वर रांगोळी, मग मालाचे फोटो, दर, आणि खाली ऑर्डरचा फॉर्म. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, काय हवं, किती हवं. गिऱ्हाइकानं 'पाठवा' बटण दाबलं की ऑर्डर गटाच्या ईमेलवर यायची. ती रोज बघून वहीत उतरवायचं काम गटातल्या सगळ्यात धाकट्या सुनेकडं दिलं. तिला आम्ही धाकटीच म्हणतो.

दिवाळी जवळ आली. आम्ही ४० किलो चटणी कुटून ठेवली. वहीत ऑर्डरी उतरल्या फक्त ९. मग फोन यायला लागले. पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, "आठ दिवस झाले ऑर्डर देऊन, चटणी कुठाय?" दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी दोन. वही बघितली तर त्यांची नावंच नाहीत. चटणी २२ किलो शिल्लक राहिली. शेंगांचं तेल सुटलं की चटणी खवट व्हायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

बैठकीत सगळा राग धाकटीवर निघाला. "दिवसभर हातात फोन, पण ऑर्डर बघायला वेळ नाही." एकीनं तर असंही म्हटलं, की ऑर्डरी परस्पर दुसऱ्या गटाला दिल्या असतील. आमच्यातल्या कुणीही तिला थांबवलं नाही. धाकटी एवढंच म्हणाली, "पुढच्या बैठकीला सगळ्याजणी आपापले फोन चार्ज करून आणा. त्यातूनही माझीच चूक निघाली तर वही तुमच्या हातात देते."

पुढच्या बैठकीला आम्ही ११ जणी गोल करून बसलो. प्रत्येकीनं आपल्या फोनवर वेबसाइट उघडली, फॉर्म भरला आणि 'पाठवा' दाबलं. धाकटी मध्ये वही घेऊन बसली. ईमेल उघडलं तर ऑर्डरी आल्या ७. चार जणींच्या आल्याच नाहीत. तिथंच आमच्या माना खाली गेल्या.

पण ऑर्डर येत का नाही, हे कळायचं होतंच. आधी वाटलं, जुन्या फोनवरून जात नसेल. पण अडलेल्यांत एक फोन अगदी नवा होता. मग वाटलं रेंज नसेल. पण शेजारी बसलेलीची गेली होती. धाकटीनं वहीत रकाने आखले. कुणाचा फोन, कोणता ब्राउझर, फॉर्म कोणत्या भाषेत भरला, गेला की नाही. रकाने भरल्यावर एक गोष्ट दिसली. चारही जणींनी फॉर्म मराठी कीबोर्डवर भरला होता. बाकीच्यांनी इंग्रजी अक्षरांत.

मग आक्कांचा फोन घेतला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. नाव इंग्रजीत केलं, बाकी मराठीतच ठेवलं. गेली नाही. पत्ता इंग्रजीत केला. गेली नाही. मग नाव, पत्ता पुन्हा मराठीत केला आणि फक्त मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत टाकला. गेली! उलटं करून बघितलं. सगळं इंग्रजीत, फक्त नंबर मराठी आकड्यांत. पुन्हा अडली. चूक सापडली होती. मराठी आकड्यांत लिहिलेला मोबाइल नंबर आमची वेबसाइट घेत नव्हती.

मैत्रिणींनो, असं का होतं ते समजून घेऊ. आपल्याला मराठी नऊ आणि इंग्रजी नऊ एकच. संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं. जगातल्या लिप्यांमधल्या अक्षराअक्षराला संगणकासाठी एकेक क्रमांक ठरवून दिला आहे. त्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून आपली देवनागरी त्यात आहे. त्यात मराठी नऊचा क्रमांक वेगळा आणि इंग्रजी नऊचा वेगळा. वेबसाइट करणाऱ्या मुलानं नियम लिहिला होता, की नंबरच्या चौकटीत दहा आकडे हवेत. पण आकडे म्हणजे फक्त इंग्रजी, असा त्या नियमाचा अर्थ होत होता. मराठी आकडे आले की वेबसाइट म्हणायची, हा नंबरच नाही.

आणि हे ती गिऱ्हाइकाला सांगतही नव्हती, ही त्याहून मोठी चूक. बटण दाबलं की पान वर सरकायचं आणि फॉर्म पुन्हा कोरा दिसायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, ऑर्डर गेली. पुण्याच्या काकू खोटं बोलत नव्हत्या आणि आमची धाकटीही नाही.

मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "मी माझ्या लॅपटॉपवर भरून बघितलं होतं, चालत होतं." तेही खरंच होतं. त्यानं इंग्रजीत भरलं होतं. त्यानं तीन दुरुस्त्या केल्या. पहिली, मराठी आकडे आले तर ते आपोआप इंग्रजीत बदलून घ्यायचे. दुसरी, काही चुकलं तर त्या चौकटीखालीच मराठीत लिहून यायचं, की "मोबाइल नंबर दहा आकडी हवा," आणि भरलेलं काही पुसायचं नाही. तिसरी, नंबरची चौकट 'टेल' प्रकारची करायची. वेबच्या नियमांत फोन नंबरासाठी हा प्रकार ठरवूनच दिला आहे. तो वापरला की मोबाइलवर अक्षरांच्या कीबोर्डाऐवजी फोन लावायचे आकडे समोर येतात. आपल्या आयाबायांचं किती काम सोपं होतं बघा.

ऑर्डर अडल्यावर आम्ही जे केलं, तीच बिघाड शोधायची रीत. वहीत लिहून घ्या. एक, चूक पुन्हा घडवून बघा. जी चूक पुन्हा घडवता येते, ती सापडतेच. दोन, कुणाकडं घडते आणि कुणाकडं घडत नाही, दोन्ही लिहा. तीन, दोघींत फरक काय आहे तो शोधा. चार, एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि वेबसाइट चालली, तरी कशामुळं चालली ते कळत नाही. पाच, दुरुस्तीनंतर जिथं अडलं होतं त्याच फोनवर पुन्हा बघा. आणि काहीही बदलण्याआधी जुन्या फाइलची नक्कल काढून ठेवा.

एक सावध करतो. दुरुस्ती झाल्यावरही कधी कधी आपल्या फोनवर जुनंच पान दिसतं. ब्राउझर आधी बघितलेल्या पानाची प्रत साठवून ठेवतो, तिला कॅशे म्हणतात. अशा वेळी पान रिफ्रेश करा किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. तिथं नवं दिसलं तर दुरुस्ती झालेली आहे. उगाच मुलाला फोन करून भांडू नका. आम्ही भांडलो होतो.

त्यानंतर आम्ही वेबसाइटच्या चुकांची एक वहीच केली. तिच्यातल्या आणखी दोन चुका सांगतो, कारण त्या बहुतेक गटांकडं निघतील.

पहिली फोटोची. कडक भाकरीचा फोटो मुलाच्या लॅपटॉपवर दिसायचा, वेबसाइटवर नुसती रिकामी चौकट. केंद्रातल्या संगणकावर वेबसाइट उघडून कीबोर्डवरचं एफ-१२ बटण दाबलं, की बाजूला एक खिडकी उघडते. तिथं कन्सोल नावाच्या भागात लाल ओळ होती आणि तिच्यात ४०४ हा आकडा. ४०४ म्हणजे मागितलेली फाइल त्या जागी सापडली नाही. फोटो तर चढवला होता. मग? फाइलच्या नावातलं शेवटचं जेपीजी मोठ्या इंग्रजी लिपीत होतं आणि पानावर ते लहान लिपीत लिहिलं होतं. घरच्या विंडोज संगणकाला त्यानं फरक पडत नाही. वेबसाइट ज्या सर्व्हरवर राहते तिथं बहुधा लिनक्स असतं, त्याला मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं. तेव्हापासून आमचा नियम, फाइलची नावं सगळी लहान इंग्रजी लिपीत, मध्ये मोकळी जागा नाही.

दुसरी चूक अक्षरांची. छापखान्यातून आलेलं दरपत्रक तसंच वेबसाइटवर चिकटवलं, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा. छापखान्यात बरेचदा जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. त्यात आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. ज्या फोनवर तो फॉन्ट नाही, तिथं सोंग उतरतं. म्हणून वेबसाइटवरचा मजकूर युनिकोडमध्येच हवा. ओळखायचं कसं? मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा. मराठी दिसला तर युनिकोड, भुसा दिसला तर जुना फॉन्ट.

आता नियमांकडं वळू. वेबसाइटचं पान म्हणजे एक लिहिलेली फाइल असते. एचटीएमएल नावाच्या खुणांनी ती लिहितात. इथं मथळा सुरू, इथं संपला. इथं फोटो. इथं फॉर्म. ब्राउझर ती फाइल वाचतो आणि पडद्यावर पान उभं करतो. १९८९ साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. पुढं वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्राउझर आले आणि जो तो आपल्या वेगळ्या खुणा घालायला लागला. एकात चालणारं पान दुसऱ्यात मोडायचं. सगळ्यांची खूण एक असावी म्हणून बर्नर्स-ली यांनी १९९४ साली डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढली. वेबचे नियम ठरवण्याचं काम ती करते.

आपल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. पूर्वी या गावची पायली वेगळी आणि त्या गावची वेगळी. देणाऱ्याला वाटे जास्त दिलं, घेणाऱ्याला वाटे कमी मिळालं. १९५६ च्या कायद्यानं किलो-लिटर ठरले आणि माप सगळीकडं एक झालं. वेबचे नियम तसेच. पान मापात असलं की महागड्या फोनवर आणि आपल्या साध्या फोनवर, दोन्हीकडं ते नीट उघडायची खात्री वाढते.

पान मापात आहे की नाही हे तपासायची सोय फुकट आहे. डब्ल्यूथ्रीसीचंच एक साधन आहे, त्याला व्हॅलिडेटर म्हणतात. त्यात आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकायचा. पानात कोणत्या ओळीवर काय चुकलं, त्याची यादी येते. आमची यादी आली ६३ चुकांची! पोटात गोळाच आला. मुलगा म्हणाला, वरून सुरुवात करू. पहिल्याच ठिकाणी एक खूण उघडून बंद केलेली नव्हती. ती बंद केली आणि पुन्हा तपासलं, तर चुका उरल्या ४१. स्वेटर विणताना एक टाका सुटला की पुढची वीण बिघडत जाते, तसं. म्हणून यादी बघून घाबरू नका. वरची चूक दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा.

पण व्हॅलिडेटरला सगळं कळत नाही, हेही ध्यानात ठेवा. मराठी आकड्यांची चूक त्यानं कधीच सांगितली नसती. ती माणसांनीच शोधायची.

आणखी एक चूक आम्हाला एका गिऱ्हाइकानं सांगितली. त्या ताईंना दिसत नाही. त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या वेबसाइटवर माझा फोन नुसता चित्र, चित्र, चित्र म्हणतो. भाकरी कुठली आणि चटणी कुठली?" आम्हाला हे कधी सुचलंच नव्हतं. फोटोमागं त्याचं वर्णन लिहायची सोय एचटीएमएलमध्ये असते, तिला ऑल्ट म्हणतात. आम्ही ती वापरलीच नव्हती. आता प्रत्येक फोटोमागं लिहिलं आहे, "शेंगा चटणी, अर्ध्या किलोचं पाकीट." सरकारी वेबसाइटांसाठी भारत सरकारनं २००९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही अपंगांना वेबसाइट वापरता यावी यावर भर आहे. आपला गट सरकारी नाही. पण गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणं आपल्याला तरी कुठं परवडतं?

बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. तशी आम्ही वेबसाइटची पंचसूत्री केली आहे. सावकाश सांगतो.

पहिलं सूत्र. पानाच्या सुरुवातीलाच चार गोष्टी जाहीर हव्यात. हे पान एचटीएमएलचं आहे. भाषा मराठी आहे, म्हणजे वाचून दाखवणारा फोन मराठी आवाज निवडू शकतो. अक्षरं यूटीएफ-८ पद्धतीची आहेत, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. आणि पान फोनच्या रुंदीत बसवायचं आहे, त्याला व्ह्यूपोर्ट म्हणतात.

दुसरं सूत्र. उघडलेली खूण नियमाप्रमाणं बंद केलेली हवी, आणि प्रत्येक बदलानंतर व्हॅलिडेटरमध्ये तपासणी हवी.

तिसरं सूत्र. मालाच्या प्रत्येक फोटोला वर्णन आणि फॉर्मच्या प्रत्येक चौकटीला नाव. त्या नावाला लेबल म्हणतात.

चौथं सूत्र. अक्षर उन्हातही वाचता आलं पाहिजे. आमची पांढऱ्यावर फिकट गुलाबी अक्षरं शेतात दिसतच नव्हती. नियम सांगतो, की साध्या आकाराचं अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक हवा. तो मोजायची साधनंही फुकट मिळतात.

पाचवं सूत्र. फोटो हलके हवेत. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चढवला तर तो ४-५ एमबीचा असू शकतो. रेंज कमी असलेल्या गावात तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. आमचे फोटो आता १०० केबीच्या आसपास आहेत आणि चटणी तितकीच चविष्ट दिसते.

वेबसाइट करून घेताना या पाच गोष्टी ठरावात लिहा आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी तपासून घ्या. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, गटाच्या नावावर असू द्या. त्याची मुदत संपायची तारीख वहीत लिहा. सगळ्या फाइलींची एक प्रत गटाकडं ठेवा. पासवर्ड एकीच्याच डोक्यात ठेवू नका, बंद पाकिटात अध्यक्षांकडंही असू द्या. आणि तपासणी करणाऱ्याच्या लॅपटॉपवर नको. गटातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, मराठी कीबोर्ड लावून, चष्मा लागलेल्या आक्कांच्या हातून करा.

बिघाड सांगायचीही रीत आहे. "वेबसाइट चालत नाही" एवढंच सांगितलं तर करणाऱ्याला काही कळत नाही. तारीख, कोणता फोन, आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि पडद्याचा फोटो. एवढं दिलं, तर तोही पटकन हात घालतो.

आता शेवटचं. त्या बैठकीच्या इतिवृत्तात आम्ही एक ठराव लिहिला. ऑर्डर न येण्यात धाकटीची काही चूक नव्हती, गटानं न तपासता तिच्यावर आळ घेतला, त्याबद्दल गट तिची माफी मागतो. खाली ११ सह्या आहेत. जिनं दुसऱ्या गटाचं नाव काढलं होतं, तिची सही पहिली. माफीनं २२ किलो चटणीचं नुकसान भरून निघालं नाही, ते सगळ्यांनी वाटून सोसलं. वही मात्र अजून धाकटीकडंच आहे, आणि आता शेजारच्या दोन गटांच्या वेबसाइटही तीच तपासून देते.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाची वेबसाइट असेल तर येत्या बैठकीला सगळ्यांचे फोन गोल मांडा. प्रत्येकीला आपापल्या भाषेत, आपापल्या कीबोर्डवर एक ऑर्डर द्यायला लावा. किती दिल्या आणि किती आल्या, ते मोजा. हिशेब जुळला नाही, तर माणसाला विचारायच्या आधी फॉर्म तपासा.